वातीचा कापूस

धानोरी, पुणे

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आई काल म्हणाली, बाबांनी कानाचं मशीन पुन्हा साखरेच्या डब्यामागं ठेवलंय. कारण काय, तर त्यात नुसती घरघर ऐकू येते. बाबा, घरघर म्हटल्यावर मला बीदर आठवलं. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही "हां, हां" करून फोन आईकडं देता, म्हणून लिहिते.

2003 ची दिवाळीची सुट्टी. मी नववीत. विमानांची कात्रणं वहीत चिकटवणारी उदगिरात मी एकटीच असेन. तुमचा जुना विद्यार्थी बीदरच्या हवाई तळावर होता, त्यानं आपल्या दोघांचा पास काढला. कमालनगर, भालकी करत पॅसेंजरनं गेलो. आई, तू दशम्या, शेंगाची चटणी आणि वातीच्या कापसाची पुडी दिली होतीस. "लेकराच्या कानाला दडे बसतील" म्हणालीस.

फाटकावर कॅमेरा जमा झाला. मी रडवेली. पण आत गेल्यावर हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती पथकाचा सराव चाललेला! लाल-पांढरी नऊ किरण विमानं, एकामागोमाग सुटलेली. पहिल्याच्या आवाजानं छातीच्या फासळ्या हलल्या. तुम्ही घाईघाईनं माझ्या दोन्ही कानांत बोळे कोंबले. माझं पुढचं सगळं बघणं मुकं: तोंडं हलताहेत, तुमचा विद्यार्थी हातवारे करून काहीतरी समजावतोय, तुम्ही मान डोलावताय.

येताना गाडीत तुम्ही मला ते सगळं शिकवल्यासारखं सांगितलंत. किरणमध्ये शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसतात. मागं जो धूर सुटतो तो डिझेलचा, गरम झोतात सोडलेल्या. ("म्हणजे आपली एस.टी.च की," हे तुमचं.) आणि आवाज येतो तिकडं बघायचं नाही, त्याच्या पुढं बघायचं, विमान दीड किलोमीटरवर असलं तर आवाज चारेक सेकंद मागनं येतो, तोवर ते पुढं गेलेलं असतं. हल्ली फोनवर तुमचं उत्तर तसंच मागनं येतं बाबा, अन् मी भलत्याच विषयावर पोचलेली असते.

मी विचारायला सांगितलेला प्रश्नही तुम्ही विचारला होतात. पोरींना लढाऊ विमान देत नाहीत, हे मात्र सांगताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. 2016 मध्ये पहिल्या तिघी लढाऊ वैमानिक झाल्या आणि पुढचं शिकायला बीदरलाच गेल्या, तेव्हा पेपरचं कात्रण तुम्हीच मला पोस्टानं पाठवलंत. तोवर तिथं किरण जाऊन हॉक ही शिकवायची नवी विमानं आली होती.

आता मुद्द्याचं. घरी आल्यावर तुम्ही उरलेला कापूस आईला परत दिलात. बराच होता, तुमच्या कानांना सहज पुरला असता. आई चिडलीसुद्धा, "मग स्वतःच्या कानात का नाही घातला?" तुम्ही म्हणालात, "दोघांनी घातला असता तर तो काय सांगतोय ते ऐकायचं कुणी?"

परवा आमच्या गच्चीवरून सुखोई गेलं. चिमी कानांवर हात ठेवून म्हणाली, आजोबांना विचार हे कुठलं. मी फोन लावला. तुम्ही म्हणालात, "जेवण झालं, तुमचं?"

शनिवारी येते. मशीनचे सेल आणते. घरघर कमी करून मिळते, लातूरला दाखवू. तोवर निदान ते साखरेजवळून काढा, मुंग्या लागतील.

तुमची,
बबी