नानांचा भोंगा

रामबाग, इंदूर
शनिवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय शलू,

तुझा मेसेज दुपारीच आला होता पण मी स्टुडिओत होते, आणि आत फोन न्यायचा नाही असा नियम आहे. तू विचारलंस की ऑडिओ प्रॉडक्शनमध्ये तीन वर्षं शिकवतात तरी काय, बटणं तर यूट्यूब बघूनही दाबता येतात. आई पण हेच विचारते. म्हणून म्हटलं आज नीट सविस्तर लिहू, तसंही झोप येत नाहीये, का ते पुढे सांगते.

बटणं खरंच पटकन येतात गं. कुठल्या माइकला ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) लागतं, कुठल्याला नाही, गेन म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा, केबल गुंडाळायची कशी, हे सगळं पहिल्या सेमिस्टरमध्ये होऊन जातं. वेळ लागतो तो ऐकायला शिकायला. एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. आमच्यातला एक मुलगा गातो, त्याच्या आवाजाला एक माइक आणि पेटीला एक माइक असं लावून आम्ही रेकॉर्ड केलं. वेगवेगळं ऐकलं तर दोन्ही छान, आणि एकत्र लावलं की पेटी पोकळ, कोणीतरी डब्यात बसून वाजवतंय अशी. मी लगेच इक्यूकडे (आवाजातले जाड-बारीक सूर कमीजास्त करायची बटणं) हात नेला, सरांनी थांबवलं. म्हणाले, स्टँड हलव. कारण असं की पेटीचा आवाज गाणाऱ्याच्या माइकमध्येही जातो, फक्त जरा उशिरा पोचतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर, आणि पेटीपासून दोन माइकच्या अंतरात तेवढाच फरक पडला तर ५०० हर्ट्झच्या आसपास एकाची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली, दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. पेटीचा सगळा जीव तर तिथेच आसपास! मग पेटीचा माइक पेटीजवळ सरकवला, गाणारा जरा लांब बसला, एका माइकचं आपल्या वाद्यापासून जेवढं अंतर त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये हवं असा एक ढोबळ नियम आहे, तेवढं केलं आणि पेटी परत आली. एकही बटण न दाबता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी बरोबर जागी आलेय.

आणि अंतर म्हटलं की मला आपल्या इंदूरच्या लताबाईच आठवतात (जन्म इथलाच ना, १९२९ चा). 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'ची सुरुवात लांबून येत असल्यासारखी वाटते ना, ते १९४९ सालचं, तेव्हा आजच्यासारखे इफेक्ट कुठले, त्या खरोखर माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या, त्यांनीच सांगितलंय हे. मी हे आता कोणालाही सांगत सुटते. लांबून आवाज येतो तेव्हा माणसापेक्षा खोली जास्त ऐकू येते, जवळ आलं की खोली मागे पडते आणि माणूस उरतो, एवढंच गणित आहे पण ते कानाला कळलं पाहिजे.

मागच्या थंडीत सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, रेकॉर्डिंग केलं तेही ऐकवायचंय तुला. गराडूची कढई, तळलेल्या कंदाची. माइक कढईच्या अगदी जवळ धरला (तेल उडत होतं, कढईवाले दादा ओरडत होते की भिया हात भाजेल), घरी येऊन डोळे मिटून ऐकलं तर पत्र्यावरचा पाऊस. अगदी तसाच. नाटकाच्या एका असाइनमेंटमध्ये मी तोच पाऊस म्हणून वापरला.

आता मुख्य गोष्ट. या सेमिस्टरला प्रोजेक्ट आहे, वीस मिनिटांची ऑडिओ डॉक्युमेंटरी, एकाच माणसाच्या आवाजावर. मी तुझ्या नानांना विचारलं. काकूंनी तुला सांगितलं नसेल कारण मीच म्हटलं होतं की झालं की सांगू. तीन रविवार तुमच्या मधल्या खोलीत बसलो. पंखा बंद, फ्रिज बंद, काकू बिचाऱ्या कुकरसुद्धा लावायच्या नाहीत. तरी कचरागाडी तिचं गाणं वाजवत यायचीच, ते मी काढणार नाहीये, ते इंदूरच आहे. नाना मिलबद्दल बोलले, रात्रपाळीबद्दल, अनंत चतुर्दशीच्या झाक्यांसाठी (मिरवणुकीतल्या देखाव्यांसाठी) मिलचे लोक महिनाभर कसे राबायचे त्याबद्दल. मधेच हिंदी, मधेच मराठी, एका वाक्यात दोन्ही. असं बोलणारी माणसं आपल्या गल्लीत आता किती राहिलीत, मोज तूच.

तिसऱ्या रविवारी मी विचारलं, नाना, मिलचा भोंगा कसा वाजायचा? ते जरा वेळ गप्प बसले. मग दोन्ही हात तोंडाशी धरले आणि खोल, खालून वर चढत जाणारा असा भोंगा काढला ना शलू, काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. नानांच्या डोळ्यात पाणी होतं.

आणि तो क्लिप झाला, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये फाटला. मी लेव्हल त्यांच्या बोलण्याच्या आवाजावर लावली होती, भोंगा त्याच्या कितीतरी वर गेला, लाल दिवा लागला आणि मी बघत राहिले. स्क्रीनवर ती लाट वरून खालून सुरीने कापल्यासारखी सपाट दिसते. जे कापलं गेलं ते परत येत नाही, सॉफ्टवेअर अंदाजाने काहीतरी भरतं पण ते नाना नाहीत. परत करायला सांगितलं तर दोनदा प्रयत्न केला त्यांनी, श्वास पुरला नाही. म्हणाले, बेटा, तो एकदाच येतो.

आठवडा होत आला, रोज रात्री ती फाइल उघडते. फाटलेलाच ठेवावा का, असंही वाटतं. सर म्हणतात ठेव. माझं मन होत नाही.

म्हणून विचारतेय, दिवाळीला तू येतेयस ना? नानांच्या शेजारी तू बस. मला वाटतं तू विचारलंस तर ते परत काढतील, लहानपणी तुला कडेवर घेऊन ते भोंगा वाजवायचे असं काकू सांगत होत्या. मी यावेळी दोन ट्रॅक लावणार, दुसरा १२ डीबी (डेसिबल) खाली, म्हणजे पहिला फाटला तरी दुसरा शाबूत राहायची शक्यता जास्त. तिकीट काढलंस की तारीख कळव, रेकॉर्डर कॉलेजमधून आधी बुक करावा लागतो.

तुझी,
मुक्ता