काका, तो कापलेला डबा जपून ठेवा

तीर्थस्वरूप काकांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी रात्री घरी पोचले. वर पाहिलं तर तुमच्या खिडकीत दिवा नव्हता. आई म्हणाली, तुम्ही आणि काकू नाशिकला ताईकडे गेला आहात, शनिवारी रात्री याल. तेवढ्यात हे पत्र लिहून घेते. समोर बसून बोलायला लागले असते तर तुम्ही "बरं बरं, आधी चहा घे" म्हणून विषयच बदलला असता. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या बडोद्यातून, दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून, वाडीतून माझ्यासारखी मुलं इंजिनिअरिंगसाठी बाहेर निघतात. त्यांना व्हिसाचं, लोनचं, बॅगेच्या वजनाचं सगळे सांगतात. पहिल्या सत्रात आतून काय होतं, ते फारसं कोणी सांगत नाही.

बारावीची परीक्षा संपली आणि तुम्ही माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड उतरवलात. नुसती पेन्सिल तासायला दोन दिवस शिकवलंत: एचबीला गोल टोक, २एचला छिन्नीसारखं चपटं, तेही सँडपेपरच्या पट्टीवर घासून. कलाभवनाच्या गोष्टी सांगायचात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढलं ते लोकांच्या हाताला हुन्नर मिळावा म्हणून, आणि तुम्ही तिथे शिकलात याचा तुम्हाला अजून किती अभिमान आहे, ते तुमच्या आवाजात ऐकू यायचं. चूक दिसली की तुम्ही मराठी सोडून गुजरातीत शिरायचात. कारखान्यात सगळ्या दुरुस्त्या गुजरातीतच सांगितलेल्या, ती जिभेची सवय. "फरीथी दोर." पुन्हा काढ. शीटच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये "चेक्ड"चा चौकोन असतो, त्यात तुमची सही पडेपर्यंत शीट पुरी झाली असं नाहीच. त्या उन्हाळ्यात मी १७ शीट काढल्या. सही मिळाली ९ वर.

ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेत, ओहायोत, सत्र सुरू झालं. पहिल्याच दिवशी प्रत्येक विषयाचा सिलॅबस हातात पडला: कोणत्या तारखेला कोणती परीक्षा, गृहपाठाला किती टक्के, उशीर झाला तर किती कापणार, सगळं आधीच ठरलेलं. दर आठवड्याला काहीतरी जमा करायचं असतं आणि प्रत्येक गोष्टीला मार्क असतात. शेवटच्या महिन्यात जोर लावून पास व्हायची आपली रीत तिथे चालत नाही, हे पंधरवड्यात कळलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ड्रॉइंगची पहिली क्विझ झाली. या विषयाची मला अजिबात भीती नव्हती. रेघा स्वच्छ होत्या, मापं बरोबर होती, कागदावर बोटाचा डागसुद्धा नव्हता. २० पैकी ६ मिळाले. लाल शाईत एकच ओळ होती: व्ह्यूज (वस्तू समोरून, वरून, बाजूने दिसते ती चित्रं) चुकीच्या जागी.

तिथे प्राध्यापकांच्या दारावर ऑफिस अवर्स लिहिलेले असतात. त्या वेळात कोणीही जावं आणि विचारावं. मी दोनदा त्या दारापर्यंत गेले. दार उघडं होतं, सर आत बसलेले दिसत होते. दोन्ही वेळा परत फिरले. शाळेत शिक्षकांच्या खोलीत बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलेलं असायचं, ती भीती एवढ्या लांबही माझ्याबरोबर आली होती. त्यापेक्षा विषयच सोडून द्यावा असं वाटलं. तर सल्लागार बाईंनी हिशोब मांडून दाखवला. एफ-१ व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ म्हणजे सत्रात किमान १२ क्रेडिट लागतात. माझे १४ होते, हा विषय ३ क्रेडिटचा. उरले असते ११. म्हणजे सोडणंही सोपं नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि आईला फोनवर सांगितलं की मस्त चाललंय.

तुम्हाला मात्र तसं सांगता आलं नाही. आपलं ठरलेलं होतं ना, माझी शनिवारची रात्र साडेनऊ, तुमची रविवारची सकाळ सात. तुम्ही म्हणालात, कागद कॅमेऱ्यासमोर धर. मी धरला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिलात. मला वाटलं, आता "फरीथी" येणार. तुम्ही म्हणालात, "बाळ, तुझं नाही चुकलं. माझं चुकलं. व्ह्यूज मांडायच्या दोन पद्धती आहेत. आपण फर्स्ट अँगल काढतो, अमेरिकेत थर्ड अँगल काढतात. मला हे माहीत होतं. तुला सांगायचं राहून गेलं."

काका, माझ्या पेपरातली चूक कुणा मोठ्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतली, असं याआधी कधी झालं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी रडले. ते मार्कांसाठी नव्हतं.

पुढच्या रविवारी तुम्ही तयारीनिशी बसला होतात. गुजराती लीलो चिवडो ज्यात येतो तो पारदर्शक डबा, दाराखाली सारतो ती लाकडी पाचर, मार्कर आणि ब्लेड. पाचर डब्यात ठेवलीत. समोरून जे दिसलं ते डब्याच्या पुढच्या भिंतीवरच रेखलंत: त्रिकोण. वरून दिसलं ते झाकणावर: आयत. उजवीकडून दिसलं ते उजव्या भिंतीवर. मग ब्लेडने कडा कापल्यात, पुढच्या भिंतीला लागून असलेल्या तेवढ्या ठेवल्यात, आणि डबा पुस्तकासारखा उघडलात. झाकण वर गेलं. आयत त्रिकोणाच्या डोक्यावर येऊन बसला. मागून काकूंचा आवाज आला, "अहो, चांगला डबा कापलात!" तुम्ही ऐकलंही नाहीत. खोलीतला दिवा बंद करून तुम्ही पाचर भिंतीसमोर धरलीत आणि टॉर्च लावलात. सावली मागच्या भिंतीवर पडली. टॉर्च वर नेलात, सावली खाली जमिनीवर. "आता ही जमीन खाली पाड मनात. प्लॅन, म्हणजे वरून दिसतं ते, कुठे आला? एलिव्हेशनच्या, म्हणजे समोरून दिसतं त्याच्या, खाली. आपल्याकडे वस्तू आधी आणि कागद तिच्या मागे, म्हणजे सावली. त्यांच्याकडे कागद आधी आणि वस्तू त्याच्या मागे, म्हणजे काच. दोन्ही खरे आहेत. कुठला चाललाय ते आधी विचारायचं."

मग म्हणालात, "आता सरांकडे जा. मार्क मागू नकोस. कागद ने, आणि तू कसं शिकलीस ते दाखव."

मंगळवारी गेले. हात थरथरत होते, पण हातात कागद होता म्हणून बोलता आलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. कापलेल्या शंकूची ती छोटी खूण, कुठला अँगल ते सांगणारी, तिथे छापलेली होती. मी पाहिलीच नव्हती. मार्क सहाचे सहाच राहिले आणि ते योग्यच होतं. पण पुढच्या तासाला त्यांनी मला फळ्याशी बोलावलं आणि तीच वस्तू दोन्ही पद्धतींनी काढायला लावली. तास संपल्यावर नेपाळचा एक मुलगा जवळ आला. त्याचेही व्ह्यूज माझ्यासारखेच उलटे आले होते, आणि तोही दारापासून परत फिरला होता. त्या संध्याकाळी आम्ही कॅन्टीनमधून सॅलडचा डबा आणला आणि कापला.

निघायच्या आदल्या रविवारी तुम्ही मला कमाटी बागेकडे नेलं होतंत, संकल्पभूमी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक, दाखवायला. १९१३ साली याच बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन, महिना साडेअकरा पौंड, बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले, तर जातीमुळे या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. तुम्ही झाडाखाली उभे राहून एवढंच म्हणालात, "नव्या माणसाला आधी राहायचं विचारावं, अभ्यासाचं नंतर." त्या अन्यायापुढे माझ्या हॉस्टेलच्या गोष्टी काहीच नाहीत. पण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतं, आमच्या इथली काही वसतिगृहं त्या सुटीत बंद होतात, आणि शेजारच्या इमारतीतली घानाची मुलगी कुठे जाणार हे कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. ती चार रात्री माझ्या खोलीत राहिली, आणि आम्ही दोघींनी मिळून रासायनिक समीकरणं सोडवली. ती म्हणाली, "पहिले सहा आठवडे मी वर्गात एक शब्दही बोलले नव्हते. माझा उच्चार कुणालाच कळणार नाही असं वाटायचं."

एक गोष्ट राहिलीच, आणि ती मला अजून टोचते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे घेतात, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात माझे साडेनऊ झाले तेव्हा तुमच्याकडे आठ वाजले होते. काकूंनी नंतर सांगितलं, तुम्ही सातपासून फोन समोर ठेवून बसला होतात, चहा तसाच गार झाला. मला एक शब्द बोलला नाहीत. कालनिर्णयवर मार्चपर्यंतच्या सगळ्या रविवारांवर पेन्सिलीने ८ लिहून टाकलेत म्हणे.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही बाहेरदेशांतली सातजणं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. कुणाला काय जड गेलं ते जो तो सांगत होता. कुणी म्हणालं थंडी, कुणी ग्रुप प्रोजेक्टमधलं गप्प बसणं, कुणी प्राध्यापकांना नावाने हाक मारणं. पण जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात ते दार आलं, उघडं असूनही आत न गेलेलं. मी डब्याची गोष्ट सांगितली. तेव्हापासून कुणाचा प्रोग्रॅम चालला नाही की घानाची मुलगी म्हणते, "फरीथी!" उच्चार थोडा वेगळा आहे, पण तुम्हाला आवडेल.

ड्रॉइंगला बी प्लस मिळाला. तो महत्त्वाचा आहेच, लोनचे हप्ते लक्षात असतात मला. पण त्याहून जास्त जपून आणलंय ते नळकांड्यात गुंडाळलेलं: शेवटच्या प्रोजेक्टची शीट, ११ बाय १७ इंच, थर्ड अँगल, खूण पहिल्यांदा काढलेली. तिथे कॉम्प्युटरवरच जमा करायची होती. ही मी हाताने पुन्हा काढली, २एचने.

उत्तरायणाच्या आधीच मला परत जायचंय, म्हणून वेळ घालवत नाही. रविवारी सकाळी सातला वर येते. "चेक्ड"चा चौकोन रिकामा ठेवलाय. आणि खालच्या डाव्या व्ह्यूमधली एक तुटक रेघ मला अजून बरोबर वाटत नाहीये, तेवढी आधी बघा.

काकूंना नमस्कार. त्यांच्यासाठी नवा डबा आणलाय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची