पोरीला विचारतात, गोल किती मारलेस?

संपादक महोदय, नमस्कार.

मी कोल्हापूरची. इथं फुटबॉलचं वेड किती आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझी मुलगी डिफेन्सला खेळते, मॅच खेळून घरी आली की जो तो आधी एकच विचारतो, गोल किती मारलेस? तिनं गोललाइनवरून बॉल काढला ते कुणी विचारतच नाही आणि पोर मग गप्प बसते, म्हणून हे पत्र लिहितेय.

आशालता देवी हे नाव आपल्या किती वाचकांना माहिती असेल? मणिपूरची, इंफाळची, 1993 चा जन्म, सेंटर बॅक म्हणजे मागं मधोमध राहून समोरच्यांना अडवणारी, भारताची माजी कॅप्टन. 17 ऑक्टोबर 2024 ला काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध खेळली ती तिची शंभरावी इंटरनॅशनल मॅच, भारतात त्याआधी एकाही बाईनं शंभर मॅच खेळल्या नव्हत्या. 2019 ला आशियातल्या बेस्ट प्लेअरच्या शेवटच्या तिघींत ती होती, पुरस्कार जपानच्या साकी कुमागाईला मिळाला, पण तिथवर पोचणं काय कमी आहे का?

आणि आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट सांगते. जानेवारी 2022, बायकांच्या फुटबॉलचा आशिया कप नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात होता. पहिल्या मॅचला इराणशी 0-0, मागं आशालता. लोक म्हणाले गोलच नाही, बोअर मॅच, अहो पण समोरच्यांनाही गोल करू दिला नाही की! मग टीममध्ये कोरोना शिरला, दुसऱ्या मॅचला नियमाप्रमाणे 13 खेळाडूसुद्धा उभ्या राहीनात, घरच्या मैदानावर स्पर्धेतून बाहेर आणि वर्ल्ड कपची वाटही तिथंच बंद. कॅप्टन म्हणून तिला काय वाटलं असेल, मला आजही आठवलं की गलबलून येतं.

जुलै 2025 ला थायलंडला 2-1 हरवून आपल्या मुली पहिल्यांदाच क्वालिफायर म्हणजे पात्रता फेरी खेळून आशिया कपला पोचल्या तेव्हा कॅप्टन होती स्वीटी देवी, तीही मणिपूरची आणि तीही डिफेंडर. मागून अशा पोरी येतायत त्या आशालतासारखीला बघूनच, असं मला मनापासून वाटतं.

तर एकच विनंती. मुलींच्या मॅचची बातमी देताना गोल कुणी मारला याच्याखाली बॅकला कोण खेळलं, कुणी काय अडवलं एवढ्या दोन ओळी तरी छापा. कात्रण मी फ्रिजवर लावणार आहे.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर