पहिल्या घडीच्या चाकूसाठी आभार : धार लावणाऱ्या काकांना अनावृत पत्र

सोलापूर

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपल्या दुकानात चाकू विकायला नसतात, तरीही माझा पहिला चांगला घडीचा चाकू आपल्यामुळेच माझ्या हाती आला. त्याबद्दल आपले आभार चारचौघांसमोर मानावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांच्या कात्र्यांना धार लावता लावता आपण मला जे समजावून सांगितले, ते बेताच्या पैशांत हत्यार घेऊ पाहणाऱ्या इतर बागायतदारांच्याही उपयोगी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपण सर्वप्रथम विचारले ते, चाकूने काय काय कापायचे आहे. ठिबकची 16 मिलिमीटरची लॅटरल म्हणजे प्लॅस्टिकची नळी, सुतळी, खताच्या पोत्याची शिवण आणि शंका आलेले डाळिंब चिरून आतले दाणे काळे पडले आहेत का हे पाहणे, एवढेच माझे काम होते; फांद्यांसाठी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, वेगळी आहेच. त्यावर आपण म्हणालात की तीन हजारांच्या आतच बसवायचे असेल, तर करवत, पेचकस आणि बूच काढायचा स्क्रू यांचे पैसे कशाला मोजायचे, ते सगळे पैसे एका चांगल्या पात्यातच घालावेत. या एका सल्ल्याने माझी निम्मी निवड तिथेच झाली.

पोलादाबद्दल आपण जितके सांगितले, तितके मला कोणत्याही विक्रेत्याने सांगितले नव्हते. पात्यावर नुसते ‘स्टेनलेस स्टील’ असे लिहिले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. पोलादाची जात लिहिलेली असावी आणि ती वाचता यावी, असा आपला आग्रह होता. 3सीआर13 म्हणजे साधारण 0.3 टक्के कार्बन आणि 13 टक्के क्रोमियम, तर 8सीआर13एमओव्ही म्हणजे सुमारे 0.8 टक्के कार्बन, ही आकड्यांची फोड आपण एका जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून दिली, आणि पहिल्या जातीचे पाते मऊ राहून धार लवकर का सोडते, हे मला तेव्हाच उमगले. पण कार्बन कितीही असला तरी पात्याला पाणी नीट दिलेले नसेल, म्हणजे ते तापवून-थंड करून नीट कठीण केलेले नसेल, तर तो व्यर्थ आहे, हेही आपण लगेच जोडले. या किमतीच्या चांगल्या स्टेनलेस चाकूचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर 55 ते 58 च्या आसपास असतो. तो त्याहून फार चढा असेल तर धार टिकते खरी, परंतु घरच्या दगडावर ती परत आणणे नवख्या माणसाला जड जाते. डी2 या अधिक कठीण पोलादाच्या चाकूचा माझा विचार आपण याच कारणाने बाजूला ठेवायला सांगितला. दमास्कस पोलादासारखी लाटांची नक्षी असलेल्या स्वस्त पात्यांवर ती पुष्कळदा केवळ वरवर उमटवलेली असते, हे आपण भिंग लावून मला दाखवले.

साध्या कार्बन पोलादाच्या पात्याचा मला मोह होता, कारण ते सहज पाजवता येते आणि सुरेख धार घेते. आपण तो मोह मोडला नाही, फक्त माझ्या बागेची आठवण करून दिली. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असते आणि ते लोखंडाशी मिळाले की काळा रंग तयार होतो; आपल्या गावात सूत रंगवणाऱ्या जुन्या माणसांना हा गुण ठाऊकच आहे. शिवाय डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या भीतीने आम्ही हत्यारे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतो, आणि त्यातील क्लोरीन कार्बन पोलादाला पाहता पाहता गंज चढवते. स्टेनलेसलाही त्याने बारीक खड्डे पडू शकतात, म्हणून फक्त पाते बुडवावे, लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे पुसावे आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, ही आपण घालून दिलेली पद्धत मी आजही पाळते.

पाते उघडे अडकवून ठेवणाऱ्या खटक्याबाबत आपण विशेष कडक होता. केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडा राहणारा चाकू ओढून कापायला उत्तम असतो, पण लॅटरल कापताना जोर पुढे जातो आणि पाते घसरले तर ते बोटांवर मिटू शकते; माझ्या कामाला पाते उघडे अडकून राहणे आवश्यकच होते. मुठीच्या आतली पट्टी सरकून पात्याला टेकू देते तो लायनर लॉक आपण वाईट म्हटला नाही. मात्र स्वस्त चाकूत ती पट्टी पातळ असते आणि पात्याच्या बुडाला जेमतेम कडेलाच टेकते, म्हणून ती डोळ्यांनी तपासल्याशिवाय घेऊ नये, असे बजावले.

अखेरीस मी पुण्याहून ओपिनेलचा 8 क्रमांकाचा स्टेनलेस चाकू मागवला. फ्रान्समधील साव्हुआ प्रांतात 1890 पासून हे चाकू होत आले आहेत, आणि पाते जागेवर धरून ठेवणारे त्यांचे फिरते कडे 1955 पासूनचे आहे. पाते साडेआठ सेंटिमीटरचे, पोलाद स्वीडिश 12सी27, मूठ बीच लाकडाची. हा चाकू एका हाताने उघडत नाही, आणि लाकूड भिजले की फुगून पाते घट्ट बसते. हे दोन्ही उणेपण आपण आधीच सांगितले होते आणि मी ते समजून स्वीकारले. पार्सल घेऊन मी थेट आपल्याकडे आले, तेव्हा आपण हातातली कात्री खाली ठेवून पाते उघडले, कडे फिरवले, पाते डावी-उजवीकडे हलवून पाहिले, मग मिटवून ते खाचेच्या मधोमध बसते का हे उजेडासमोर धरून पाहिले. त्यानंतर ट्यूबलाइटखाली धार वर करून आपण मला टोकापासून बुडापर्यंत पाहायला लावले : जिथे धारेवर उजेडाचा ठिपका चमकतो तिथे ती बोथट आहे, आणि खऱ्या धारेवर उजेड थांबतच नाही. एवढी साधी आणि पैसा न लागणारी परीक्षा मला दुसऱ्या कुणीही शिकवली नव्हती.

त्याच दिवशी आपण कार्बोरंडमचा दुहेरी दगडही घ्यायला लावला आणि दोन्ही मिळून खर्च ठरल्या रकमेच्या आतच राहिला. प्रत्येक बाजूला सुमारे 20 अंशांचा कोन कसा धरायचा, दुसऱ्या बाजूला बोटाला लागणारी बारीक किनार येईपर्यंत एक बाजू कशी घासायची आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर ती किनार कशी काढायची, हे आपण माझा हात धरून करून घेतले. जोरात फिरणाऱ्या चाकावर हा चाकू कधी देऊ नकोस, पाते निळे पडले की त्याचे पाणी उतरले, असे सांगताना आपल्याला आपल्याच एका गिऱ्हाइकाला मुकावे लागणार होते. याची मला पूर्ण जाणीव आहे.

चाकू बाळगणे कायद्यात बसते का, ही घरच्यांची काळजीही आपणच मिटवली. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि शेती व घरकामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. तरी पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश लागू असताना चाकू खिशात घालून शहरात फिरू नये आणि विमानात तो हातातल्या सामानात नेऊ नये, हे आपण आठवणीने सांगितले.

काका, आपण या सगळ्याचे मोल घेतले नाही. आता शेजारच्या बागेतील मुलाला असाच चाकू घ्यायचा आहे. त्याला मी आपली पावतीच्या पाठीवरची आकडेमोड दाखवली आहे आणि धार पाहायला आपल्याकडेच पाठवणार आहे. आपण त्यालाही तेवढाच वेळ द्याल याची मला खात्री आहे. आपले मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
उत्तर सोलापूर तालुक्यातील एक डाळिंब बागायतदार