पेपरवाल्यांचे सिनेमे १९७६ च्या आधीपण होते!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पत्रकारांवरच्या सिनेमांवर पानभर लेख आलाय. लेख चांगला आहे, फोटो मस्त आहेत, पण गाडी सुटते ती थेट १९७६ च्या 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'पासून आणि मग 'स्पॉटलाइट' वगैरे. त्याआधीचं सगळं एका वाक्यात गुंडाळलंय की ब्लॅक अँड व्हाइट जमाना जरा संथ होता बुवा. आता मी म्हणजे या जुन्या हॉलिवूडचा पक्का वेडा माणूस, त्यात काही वर्षं एका छोट्या दैनिकात प्रुफं तपासलेली, त्यामुळे संथ म्हटल्यावर गप्प बसवेना. पेपरच्या धंद्यावर हॉलिवूडने जे अस्सल सिनेमे काढले ते १९३० ते ५७ च्या दरम्यानच काढले, आणि ते अस्सल झाले कारण लिहिणारे निम्मेअधिक लोक स्वतः पेपरातून आलेले होते. नंतरच्या सिनेमांत पत्रकार एकदम संतमहात्मा होऊन बसला. या जुन्यांनी तसलं काही केलं नाही, प्रेमही केलं आणि शिव्याही घातल्या, दोन्ही एकाच सीनमधे.

संथ म्हणणाऱ्यांनी आधी 'हिज गर्ल फ्रायडे' बघावा, १९४० चा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. कॅरी ग्रँट संपादक आणि रोझलिंड रसेल त्याची स्टार बातमीदार, शिवाय घटस्फोटित बायको. तिला पेपरला रामराम ठोकून एका साध्यासुध्या इन्शुरन्स एजंटशी लग्न करून ऑल्बनीला जायचंय आणि याला तिला जाऊ द्यायचं नाहीये, आणि त्याच रात्री एका माणसाला फाशी व्हायचीय. बास, एवढ्यावर दीड तास. आणि बोलणं कसं, तर एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू, तिसरा मधेच फोनवर ओरडतोय! हॉक्सने संवादच असे लिहून घेतले की वाक्याच्या सुरुवातीचे नि शेवटचे शब्द दुसऱ्याच्या आवाजाखाली दबले तरी मधला मुद्दा कळावा. मी पहिल्यांदा बघताना दर दोन मिनिटांनी मागे नेत होतो, आजकालच्या कुठल्या सिनेमाला असं करावं लागतं सांगा. मूळ नाटकात, १९२८ च्या 'द फ्रंट पेज'मधे, हा बातमीदार पुरुष आहे. हॉक्सने घरी सहज सेक्रेटरीकडून ते संवाद वाचून घेतले, बाईच्या तोंडी जास्त मजा येते असं त्याला वाटलं आणि पात्रच बदलून टाकलं.

यातली प्रेसरूम बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते. कोर्टाच्या इमारतीत पत्ते कुटत बसलेले बातमीदार, घटना एकच, आणि प्रत्येक जण आपापल्या फोनवर आपापल्या पेपरला वेगळीच थाप देतोय, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाहीये. फाशीच्या कैद्याची बाजू घेणारी मॉली नावाची एक गरीब बाई तिथे येते तर हे तिची इतकी टिंगल करतात की बघवत नाही. पुढे कैद्याचा ठावठिकाणा कळू नये म्हणून, यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून, ती खिडकीतून उडी मारते. विनोदी सिनेमात! मेयर आणि शेरीफला फाशी हवी कारण निवडणूक तोंडावर आहे, फाशी रद्द झाल्याचा कागद घेऊन आलेल्या माणसालाच ते लाच देऊ बघतात. आणि आपला हिरो संपादक काय करतोय तर सापडलेल्या कैद्याला टेबलात कोंडून ठेवून फोनवर पहिलं पान मोडतोय, युरोपातलं युद्ध काढा, हिटलरला विनोदाच्या पानावर टाका, पण ती कोंबड्याची बातमी मात्र राहू द्या, लोकांना आवडते! १९४० साली हं हे. डेस्कवर बसलेल्या कुणीही हे ऐकून हसून लोळावं, कारण असे कोंबडे सगळ्यांनी जपलेत.

हे बाहेरच्या माणसाला सुचत नाही. नाटक लिहिणारे बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर दोघेही शिकागोचे बातमीदार. हेक्टची सुरुवात तर फोटो मिळवण्याच्या कामावर झालेली, म्हणजे कुणी मेलं की त्या घरी जायचं आणि मयताचा फोटो मागून, नाही दिला तर सरळ उचलून आणायचा. सिनेमा बोलायला लागायच्या जरा आधी त्याला हॉलिवूडहून पटकथाकार हर्मन मँकिविझची तार आली (हासुद्धा पेपरवालाच), त्यातलं ते वाक्य फेमस आहे की इथे लाखो डॉलर पडलेत आणि स्पर्धेला फक्त मूर्ख आहेत, कुणाला सांगू नकोस. हेक्ट गेला आणि पहिल्याच ऑस्करमधे कथेचं बक्षीस घेऊन मोकळा झाला. मग टॉकी आली, खटाखट बोलणारी माणसं लिहायला कोण हवं, तर ज्यांचे कान पोलीस स्टेशनात नि कोर्टात तयार झालेत असे लोक! दिग्दर्शक बिली वाइल्डर व्हिएन्ना आणि बर्लिनच्या पेपरांतून आलेला. दुसरा दिग्दर्शक सॅम्युअल फुलर तर शाळकरी वयात न्यूयॉर्कला कॉपी बॉय, म्हणजे पेपरातला हरकाम्या पोऱ्या, आणि सतराव्या वर्षी क्राइम रिपोर्टर.

वाइल्डरचा 'एस इन द होल', १९५१, हा मात्र हसत बघायचा सिनेमा नाही. कर्क डग्लस न्यूयॉर्कसारख्या शहरांतून हाकललेला बातमीदार, अल्बुकर्कीच्या एका छोट्या पेपरात येऊन पडलाय, जिथे भिंतीवर 'खरं सांगा' असं भरतकाम करून फ्रेम लावलीय. त्याला एक गुहा मिळते, आत ढिगाऱ्याखाली एक माणूस अडकलाय. भिंतींना टेकू देत गेलं तर सोळा तासांत बाहेर निघेल. पण सोळा तासांत बातमी संपते ना! म्हणून हा शेरीफला हाताशी धरून वरून डोंगर पोखरायचा मार्ग घ्यायला लावतो, म्हणजे आठवडाभराची सोय. शेरीफला निवडणूक जिंकायचीय, तो खोक्यात रॅटलस्नेक पाळून फिरतो. अडकलेल्याच्या बायकोला नवऱ्याला सोडून पळून जायचंय, पण बातमीला रडणारी बायको लागते म्हणून तिला थांबवलं जातं आणि मग तिचं हॉटेल धो धो चालायला लागतं. चर्चमधे जाऊन प्रार्थना कर म्हटल्यावर ती म्हणते मी जात नाही, गुडघे टेकले की नायलॉनचे मोजे ढिले पडतात. बाहेर गाड्या, तंबू, पाळणे, आधी फुकट असलेल्या जागेला मग तिकीट, तिकिटाचा दर वाढत वाढत जातो, आणि आत माणूस हळूहळू मरतोय.

याला मागे खरी घटना आहे, १९२५ साली केंटकीत फ्लॉइड कॉलिन्स असाच गुहेत अडकला होता, वर जत्रा भरली होती, आणि त्याच्यापर्यंत सरपटत जाऊन मुलाखती घेणाऱ्या बातमीदाराला पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं बक्षीस, मिळालं. कॉलिन्स वाचला नाही. सिनेमा अमेरिकेत आपटला, पेपरवाल्यांनी तर आमची बदनामी म्हणून झोडपला, स्टुडिओने घाबरून नाव बदलून 'द बिग कार्निव्हल' केलं तरी चालला नाही. मला विचाराल तर वाइल्डरचा हा 'सम लाइक इट हॉट'पेक्षाही मोठा सिनेमा आहे, भांडायचं असेल त्याने भांडावं. २००६ मधे हरियाणात बोअरवेलमधे पडलेल्या लहान मुलासाठी सगळे चॅनल दोन दिवस तिथे तळ ठोकून होते, ते पोरगं नशिबाने सुखरूप निघालं, पण तो सगळा प्रकार टीव्हीवर बघताना मला राहून राहून कर्क डग्लसच दिसत होता.

दिग्दर्शक फ्रँक काप्राचं वेगळं, त्याचा स्वभाव गोड. 'इट हॅपन्ड वन नाइट' १९३४ चा, घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला बातमीदार, हा आपल्याकडे 'चोरी चोरी' आणि 'दिल है के मानता नहीं' झाला हे सगळ्यांना माहितीये. त्यात शेवटी क्लार्क गेबल मुलीच्या बापाकडे दहा हजार डॉलरचं इनाम मागत नाही, प्रवासात खर्च झालेले ३९ डॉलर ६० सेंट मागतो! असा हिशेब बातमीदारच ठेवणार. काप्राचाच 'मीट जॉन डो' (१९४१) मात्र तुम्ही बघाच संपादक साहेब, कारण तो पेपरात छापलेल्या पत्रावरच आहे. पेपर नव्या मालकाने घेतलाय, दारावरची स्वतंत्र वृत्तपत्र म्हणजे स्वतंत्र जनता ही दगडातली अक्षरं छिन्नीने तोडतायत, कामावरून काढलेली बार्बरा स्टॅनविक जाता जाता शेवटच्या कॉलममधे एक खोटं पत्र ठोकून देते की मी बेकार आहे, अन्यायाचा निषेध म्हणून नाताळच्या आदल्या रात्री सिटी हॉलवरून उडी मारणार. गावभर बोंब होते. मग पत्र लिहिणारा माणूस भाड्याने आणावा लागतो, तो गॅरी कूपर. याच्यावरून अमिताभचा 'मैं आज़ाद हूँ' निघाला होता १९८९ ला. (हे पत्र खरं आहे, मी कुठूनही उडी मारणार नाहीये.)

'रोमन हॉलिडे'ला सगळे प्रेमकथा म्हणतात पण मी म्हणतो तो बातमी न छापण्याचा सिनेमा आहे. ग्रेगरी पेकला राजकन्येची एक्सक्लुझिव्ह आयती मिळालीय, ५००० डॉलरचा सौदा ठरलाय, फोटोग्राफरने लायटरमधल्या कॅमेऱ्याने फोटोपण काढलेत, आणि शेवटी प्रेस कॉन्फरन्समधे ते फोटो पाकिटात घालून तिलाच दिले जातात. आणि ज्याने ही कथा लिहिली तो डाल्टन ट्रम्बो तेव्हा ब्लॅकलिस्टमधे, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून हॉलिवूडने काम बंद केलेल्यांच्या यादीत, त्याचं नावच पडद्यावर नाही, ऑस्कर दुसऱ्याच्या नावावर गेलं, त्याला ते १९९३ मधे दिलं, मेल्यावर सतरा वर्षांनी.

'सिटिझन केन'बद्दल खूप लिहून झालंय, मी एकच सांगतो, पेपरांचा मालक केन निवडणुकीला उभा आहे, निकालाच्या रात्री छापखान्यात दोन पहिली पानं तयार आहेत, एकावर केन जिंकला आणि दुसऱ्यावर मतदानात घोटाळा. केन हरतो, दुसरं छापायला सांगतात. हे मँकिविझ आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं, आणि या जोडीला ऑस्करही त्याचंच मिळालं, पटकथेचं, बाकी आठ नामांकनं कोरडी गेली.

छापखान्याचा वास ज्यांना आवडतो त्यांनी १९५२ चे दोन बघावेत. फुलरचा 'पार्क रो', जो त्याने स्वतःचे पैसे घालून काढला, १८८६ चं न्यूयॉर्क, हाताने खिळे जुळवणं, त्यातच लायनोटाइप, म्हणजे खिळ्यांच्या ओळीच्या ओळी पाडणाऱ्या मशीनचा जन्म, माझ्यासारख्याला तर दिवाळीच. आणि 'डेडलाइन यू.एस.ए.', त्यात हम्फ्री बोगार्टचा पेपर विकला जातोय, शेवटचा अंक, गुंड फोनवर धमकी देतोय, आणि बोगार्ट रिसीव्हर छपाईच्या मशीनकडे धरतो. तो धडधडाट ऐकवतो त्याला!! ती मशीनं आता कुठे दिसत नाहीत.

आपल्याकडे एकच आठवतो या ताकदीचा, 'सिंहासन', १९७९, निळूभाऊंचा दिगू टिपणीस. तिथेही बघा, ज्या कादंबऱ्यांवरून तो निघाला त्या लिहिणारे अरुण साधू स्वतः पत्रकार.

तर विनंती अशी की पुरवणीत ओटीटीवरच्या नव्या सिरीजना एवढी जागा देता तर महिन्यातून एक कोपरा या जुन्यांना द्या. 'हिज गर्ल फ्रायडे' आणि 'मीट जॉन डो' दोन्हींचा कॉपीराइट अमेरिकेत वेळेवर रिन्यू न झाल्याने ते यूट्यूबवर फुकट आणि कायदेशीर बघता येतात, फक्त बऱ्याच प्रिंट घाणेरड्या आहेत, जरा शोधून चांगली निवडा आणि इंग्रजी कॅप्शन लावून बघा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत धाप लागेल.

पत्र लांबलंय, तुम्ही कापणार हे माहितीये. कापायचंच तर केनचा परिच्छेद उडवा. कोंबडा राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, सातारा