सुगीआधीच तारीख घेतली आहे, बाबा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या पाठीच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली. सुगी होऊ दे, मग बघू, असं तुम्ही म्हणाला होतात आणि ही तारीख नेमकी सुगीच्या तोंडावर आहे. फोनवर सांगितलं असतं तर 'बरं बरं' म्हणून तुम्ही फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहिते आहे. रागवा, पण शेवटपर्यंत ऐका. आई, तू मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नको.

आधी त्या जेलचं. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. पाठीत जेल घालतात, ते फुगतं आणि दोन मणक्यांमधली दबलेली चकती पुन्हा उभी राहते. ते आपल्याकडे येईपर्यंत थांबू, असं तुमच्या मनात आहे ना? माझं कामच असल्या जेलचं आहे, त्यामुळे हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. कल्पना खरोखर चांगली आहे. आई उपासाला साबुदाणा भिजवते, तसंच हे. सुकं असताना एवढंसं, बारीक वाटेने आत जातं, आणि आत गेल्यावर अंगातलंच पाणी ओढून टपोरं होतं. आपल्या चकतीचा गाभाही मुळात पाण्याचाच असतो, तरुणपणी ऐंशी टक्क्यांच्या आसपास. दिवसभर वजनाने त्यातलं थोडं पाणी निघून जातं, रात्री आडवं झालं की परत भरतं. सकाळी आपण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळेच. वय झालं की ती पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते.

पण बाबा, ही गोष्ट कालची नाही. 1966 मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम या डॉक्टरांनी चकतीच्या जागी पोलादी गोळी बसवल्याचं छापलं होतं. गोळी कडक, हाड मऊ, त्यामुळे ती मणक्यात रुतायची. मग अमेरिकेतल्या चार्ल्स रे या सर्जननी जेलची छोटी उशी केली, वरून पॉलिएथिलीनचं विणलेलं कव्हर. 1996 पासून ती माणसांच्या पाठीत बसवली. फुगायची ती बरोबर, पण काहींच्या पाठीत जागेवरून सरकून बाहेर आली. आकार बदलून पाहिले, तरी ती मागेच पडली. आता गरम जेल सुईने आत सोडतात आणि ते आत घट्ट होतं. अशा एका जेलला 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, 'ब्रेकथ्रू' म्हटलं. म्हणजे त्याची तपासणी लवकर व्हावी एवढंच, ते विकायला मोकळं झालं असं नाही. आणि हे मुख्यतः ज्यांची चकती वाळली आहे पण बाहेरचं कडं धड आहे, कंबर दुखते, अशांसाठी चाललं आहे.

तुमचं कडं फाटलं आहे. चौथ्या-पाचव्या मणक्यामधून गाभ्याचा तुकडा बाहेर येऊन नसेवर बसला आहे. तिथे जेल घातलं तर फुगून तेही त्याच फटीतून बाहेर यायचं, आणि नसेवरचा तुकडा आहे तिथेच राहायचा. जेल अगदी आपल्या वेशीत आलं तरी ते तुमच्या कामाचं नाही. म्हणून तुमचं हे वाट बघणं मला मोडावं लागलं.

नुसतं दुखणं असतं तर मीच थांबा म्हटलं असतं. बहुतेकांची नस महिन्या-दोन महिन्यांत आपोआप सुटते. पण दिवाळीला तुम्ही ओसरीची पायरी चढलात आणि उजवी चप्पल खालीच राहिली. पट्टा सैल झालाय म्हणालात. पट्टा मी नंतर बघितला, घट्ट होता. बेळगावच्या डॉक्टरांनी अंगठे वर करायला लावले तेव्हा डावा टक्कन उठला आणि उजवा नुसता थरथरला. तुम्ही लगेच पाय धोतराखाली घेतलात. नस फार दिवस दबली की ताकद परत यायला वेळ लागतो, कधी पूर्ण येतही नाही. सुगीपेक्षा मला तो अंगठा मोठा वाटतो.

दत्तूकाकांचं तुमच्या मनात आहे, ते मला कळतं. त्यांचं वेगळं होतं, रॉड-स्क्रू घातले होते. तुमचं छोटं ऑपरेशन आहे. दुर्बिणीतून बघून तो तुकडा काढायचा, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात. शंभरातल्या पाच-दहा जणांना तो त्रास पुन्हा होतो हेही डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्यापासून लपवत नाही. म्हणूनच नंतर सहा आठवडे पोती, घागर, वैरणीचा भारा, काही नाही.

सुगीचं ठरलं आहे. वरच्या शिवारातलं बासमती आप्पाकाका पैऱ्याने हातानेच कापतील, खालच्या पट्टीला मशीन. मशीनने गवत तुटतं, म्हशीला पुरत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर वरचं हाताने. मळणीच्या रात्री मी खळ्यावरच झोपून जायचे आणि सकाळी जाग यायची ती घरात, आजीच्या गोधडीत. दिवसभर पोती वाहूनही मला उचलून आणायला तुम्हाला कधी जड झालं नाही. आता एक सुगी माझ्यावर सोडा ना बाबा.

इथे माझ्या घरी तुमचं काही अडणार नाही. खाट उंच घेतली आहे, संडास कमोडचा आहे, लिफ्ट आहे. खाली बाकावर सकाळी ऊन येतं आणि तिथे निपाणीचे एक आजोबा बसतात, गप्पांना कमी पडणार नाही. आई, तांदूळ तू आपलाच आण, इथला तुम्हाला गोड लागायचा नाही. चहा गुळाचाच होईल.

आता नीट ऐका. आजपासून बिडी बंद. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, शेजारच्या हाडातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते, आणि बिडीने तेही आटतं. पाठीवर पाय देऊन चोळणाऱ्या त्या माणसाला घरात घ्यायचं नाही. साखरेच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या तुमच्या मनाने बंद करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि आई, हे तुझ्यासाठी: लघवी अडली, नकळत झाली किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर माझ्या फोनची वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, गाडी करून तडक बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात.

रात्रीच्या रेल्वेचे दोन्ही बर्थ खालचे मिळाले आहेत. दिवसाच्या गाडीत तासन् तास बसून यायचं नाही, बसल्यावरच चकतीवर भार जास्त येतो. एमआरआयची फिल्म गादीखाली ठेवू नका, दुमडते. ती, आधार कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी एकाच पिशवीत घाला आणि ती पिशवी आईच्या हातात असू दे, बाबांच्या नाही. स्टेशनवर मी असेनच, फलाटावर, डब्याच्या दारापाशी.

तुमची,
सुमी