तुम्ही खोडलेल्या ओळीसाठी

मॅडम, नमस्कार.

परवा तुमचं पाकीट आलं. आपल्या माडगरुडावरचा, म्हणजे धनेश पक्ष्यावरचा, शोधनिबंध इंग्रजीत, त्यामुळे मला चित्रं तेवढी कळली. मुलीनं वाचून सांगितलं आणि लेखकांच्या ओळीत माझ्या नावावर बोट ठेवलं. बायकोनं ती प्रत देवघरात नेऊन ठेवलीय, मीही काढायला सांगितली नाही. पण हे पत्र नावासाठी नाही. तुम्ही एकदा वहीत एक ओळ खोडली होती, तिच्यासाठी आहे. तुम्हाला आठवतही नसेल.

तुमच्या आधी आलेल्यांबद्दल बोलून टाकतो, म्हणजे घसा मोकळा होईल. एक साहेब सलग तीन मोसम आले. माडगरुडाची ढोली न् ढोली मी त्यांना दाखवली, तीही ऐन काजूच्या दिवसांत, बोंडू झाडाखाली कुजत ठेवून. जाताना एक टोपी देऊन गेले. त्यांच्या लेखात म्हणे 'स्थानिकांच्या मदतीने' एवढंच होतं. दुसरा एक फोटोवाला. फांदी आड येते म्हणून त्यानं ती तोडायला लावली. तोडली मीच, कोयताही माझाच. पुढच्या वर्षी ती जोडी त्या नाण्याच्या झाडाकडे फिरकली नाही. हे मी तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं.

आणि १९९९ साली म्हादई अभयारण्य झालं, तेव्हापासून आमच्या गोव्यातल्या सत्तरीत पक्ष्याचं नाव काढलं तरी माणसं उठून जायची. उद्या आपल्याच कुळागरात, सुपारीच्या बागेत, पाय टाकायला परवानगी लागेल, ही धास्ती. तुम्ही आलात तेव्हा मीही त्यातलाच होतो, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी आपण घोटिंगाच्या झाडासमोर सकाळपासून बसलो होतो. मादीनं स्वतःला ढोलीत कोंडून घेतलेलं, तोंड लिंपलेलं, चोच जाईल एवढीच फट. तिला बाहेरून भरवणारा नर आदल्या दिवशी दिसला नव्हता, त्या दिवशीही दुपार टळली तरी पत्ता नाही. तुम्ही वहीत लिहिलंत आणि मला म्हणालात, "घरटं सोडलेलं दिसतंय." मी गप्प. साहेबांपुढे एकदा तोंड उघडलं होतं, तेव्हा "तुला कुणी विचारलं?" असं ऐकून घेतलं होतं. पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून विचारलंत, "का हो दादा, काय झालं?"

मी तुम्हाला झाडाखाली नेलं. विष्ठा ओली होती, उंबराचं बी होतं, रानजायफळाच्या बिया अजून चकाकत होत्या. आत कुणीतरी जेवतंय, म्हटलं. नर आपण पोचायच्या आधीच येऊन जात असणार.

तुम्ही तिथंच उकिडव्या बसलात, काडीनं बी उलटून पाहिली आणि पेन काढून ती ओळ खोडलीत. एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर माझं म्हणणं लिहिलंत, पुढे माझी आद्याक्षरं. पान फाडून नवं लिहा की, म्हटलं. तर म्हणालात, "चूक माझी आहे, ती दिसायला हवी."

मॅडम, माझ्या पन्नास वर्षांत शिकलेल्या माणसानं माझ्यासमोर स्वतःचं लिहिलेलं खोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अंधारातच गेलो. उजाडताना पंखांचा तो आवाज आला, वाफेच्या इंजिनासारखा, तुम्ही माझा दंड घट्ट धरलात. गळ्यातून एकेक फळ वर काढून तो भरवत होता. पुढचं सगळं तुमच्या निबंधात आलंच आहे.

नंतर अकरा वर्षं येत राहिलात. डॉक्टरेट झाली, लेकराला पाठुंगळी घेऊनही आलात. अरुणाचलात पक्केच्या रानात न्यिशी माणसं धनेशाची घरटी राखतात, थायलंडच्या पिलाई पूनस्वाद बाईंनी पिल्लं चोरणाऱ्यांनाच राखणदार केलं, हे तुम्ही आमच्या ओसरीवर चहा पिताना सांगितलंत. ते ऐकून आमच्या वाड्यावरच्या दोघांनी गलोल ठेवून दिली. भाषणं देणारे पुष्कळ येऊन गेले होते. ओसरीवर बसलं कोण होतं?

घोटिंग उभी आहे. यंदाही ढोली लिंपलीय, मे महिन्यात पिल्लू बाहेर पडेल. तेव्हा या, रसाळ फणस राखून ठेवतो. मुलगी आता रोज वही घेऊन बसते. काल वेळ चुकीची लिहिली आणि माझ्याकडे रबर मागत होती. दिलं नाही.

तुमचा,
घोटिंगाखालचा दादा